जड हात

सुखदा आठल्येच्या हाताबद्दल ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या हॉस्पिटलात कुणाचीच तक्रार नव्हती. तक्रार असती तर जिभेबद्दल असती. पण ती जीभ मराठीत चालायची, आणि मराठी तिथे कुणाला कळत नव्हतं, त्यामुळे बाईंचं नाव चांगलं होतं.

सुखदा भूलतज्ज्ञ. पेशंटला झोपवलं की त्याच्या श्वासनळीत नळी घालायची असते. त्यासाठी लॅरिंगोस्कोपच्या पात्याने जीभ बाजूला सारून जबडा उचलावा लागतो. माणूस गाढ झोपेत असतो, पण शरीर झोपलेलं नसतं. कुणीतरी आपला गळा धरला असं समजून ते खवळून उठतं, नाडी धावत सुटते, रक्तदाब भराभरा चढतो. तरण्याताठ्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. म्हाताऱ्या, प्रेशरच्या पेशंटला मात्र तेवढ्या वेळात अर्धांगवायूसुद्धा होऊ शकतो. म्हणून नळीच्या आधीच थोडी औषधं देऊन ठेवायची, नाडीला आणि प्रेशरला लगाम घालून ठेवायचा. कुठलं औषध, किती, आणि नळीच्या किती आधी, यातच सगळी कला आहे. सुखदाला ती कला बाबांकडून मिळाली होती. तिचे बाबा, डॉ. माधव आठल्ये, यांनी सारा जन्म मिरजेत भूल दिली. "नळी गेली हे पेशंटच्या नाडीला कळता कामा नये," असं ते म्हणायचे. सुखदाच्या पेशंटच्या नाडीला खरंच कळायचं नाही.

आता इतका हलका हात असलेल्या बाईने दुसऱ्याच्या हाताकडे कशाला बघावं? पण गेल्या वर्षी विभागप्रमुखाची जागा निघाली. सुखदाने अर्ज केला, ब्रेट हॅनिगननेही केला, आणि जागा ब्रेटला मिळाली. ब्रेट डाल्बीकडच्या ज्वारीच्या शेतावर वाढलेला. दाराएवढा माणूस, आणि हात असे की नवीन आलेल्या नर्सने त्याला सगळ्यात मोठे हातमोजे दिले तरी तो ते ओढून ओढून घालायचा. सुखदाने त्याचं अभिनंदन केलं, टी रूममध्ये केकही नेला. घरी आल्यावर चप्पल काढता काढता नवऱ्याला, निनादला म्हणाली, "झाला जेसीबी हेड. आता खणा रस्ते."

तेव्हापासून त्यांच्या घरात ब्रेटचं नाव जेसीबी पडलं. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, असं निनाद एकदा म्हणाला, तर तीन दिवस घरात शांतता होती. पुढे तोही जेसीबीच म्हणू लागला.

बाबा हिवाळ्यात आले. आई गेल्यापासून ते दरवर्षी येत. बॅगेत कपड्यांपेक्षा गोळ्या जास्त, कारण जुन्या डॉक्टरांचा परदेशातल्या दुकानांवर भरवसा नसतो. ते आल्याच्या दुसऱ्याच शनिवारी सुखदाने गावातली चार मराठी घरं जेवायला बोलावली. जेवणं उरकत आली, गप्पांना रंग चढला, आणि कुणीतरी विचारलं, "काय म्हणतोय तुमचा जेसीबी?"

सुखदाला तेवढंच हवं होतं. तिने आमटीच्या पातेल्यातला डाव उचलला, पुसला, आणि उभी राहिली. "हा लॅरिंगोस्कोप," ती म्हणाली. "आपण असा धरतो, पेनसारखा. आणि आमचा साहेब..." तिने डाव मुठीत धरून हवेत असा उपसला की एक काका ठसका लागेपर्यंत हसले. मग तिने तो दोनशे दहाचा किस्सा सांगितला. ब्रेटच्या एका पेशंटचं प्रेशर नळी घालताना दोनशे दहाला गेलं, ते तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. "मॉनिटर बोंबलतोय, आणि हा म्हणतो, नो वरीज, मेट!"

सगळे हसले. बाबाही हसले, चांगले मोकळेपणाने. किस्सा खरा होता. त्यातली एकच गोष्ट सुखदाने गाळली होती. त्या पेशंटने आदल्या दोन दिवसांत प्रेशरची गोळीच घेतली नव्हती, आणि ते लपवलं होतं. ब्रेटने त्याच संध्याकाळी तिला ते सांगितलं होतं. पण ते सांगितलं असतं तर हसायला काय उरलं असतं? उचलली जीभ, लावली टाळ्याला.

हसणं ओसरल्यावर बाबांनी हळूच विचारलं, "दोनशे दहा? किती वेळ?"

"बराच वेळ, बाबा," सुखदा म्हणाली आणि श्रीखंड वाढायला लागली.

पुढच्याच आठवड्यात बाबांच्या पोटात कळा सुरू झाल्या. पित्ताशय सुजलं होतं, खडे होते. सुखदाने त्यांना गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. सलाइन, अँटिबायोटिक्स झाली, दुखणं निवलं, आणि सर्जन म्हणाला, उद्या सकाळी काढून टाकू.

"भूल तू देणार," बाबा म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

"इथे घरच्या माणसाला देत नाहीत, बाबा. नियमच आहे तसा."

"तुझ्या आईच्या दोन्ही ऑपरेशनला मीच दिली होती."

"इथे चालत नाही."

बाबांनी मान हलवली. मग विचारलं, "मग कोण?"

सुखदाने खरं तर त्या वेळी सांगायला हवं होतं. उद्याच्या ऑपरेशनच्या लिस्टवर ब्रेट आहे हे तिला माहीत होतं. ब्रेट उत्तम भूल देतो हेही माहीत होतं, आणि ते तिला कुणी विचारलं असतं तर तिने हॉस्पिटलात इंग्रजीत बिनधास्त मान्यही केलं असतं. पण आपल्याच बापासमोर, आठवड्यापूर्वी डाव फिरवलेल्या तोंडाने, तो उत्तम आहे असं कसं म्हणायचं? "आहे एक जण, चांगला आहे," एवढंच ती पुटपुटली आणि ब्लँकेट सारखं करत बसली.

संध्याकाळी ब्रेट स्वतः वॉर्डात आला. बेडशेजारी खुर्ची ओढून बसला, बाबांना सर म्हणाला, सगळं नीट विचारलं. प्रेशर आहे का? आहे थोडं, एक गोळी घेतो, बाबा म्हणाले, आणि तिचं नाव सांगितलं. आणखी काही? काही नाही. बाबांचं इंग्रजी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलच्या जुन्या डॉक्टरांसारखं घोटीव, ब्रेट ते कौतुकाने ऐकत होता. जाताना त्याने हात पुढे केला. बाबांचा हात त्याच्या पंजात दिसेनासा झाला. बाबांनी सुखदाकडे पाहिलं. सुखदाने खिडकीकडे पाहिलं.

सकाळी टूवूंबावर दाट धुकं होतं. डोंगररांगेवरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे आठ वाजले तरी चालू होते. सुखदाने त्या दिवशी रजा घेतली होती. बाबांना आत नेलं, आणि ती टी रूममध्ये जाऊन बसली. स्वतःच्याच हॉस्पिटलात पेशंटची नातेवाईक होऊन बसायचं, हात कुठे ठेवावेत हेसुद्धा तिला कळेना. चहा केला आणि प्यायली नाही.

मग इमर्जन्सीचा बझर वाजला. कुठल्या थिएटरचा, हे दारावरच्या दिव्यावरून तिला लगेच कळलं. ती धावली. आत जायची सोय नव्हती. दाराच्या काचेतून तिला दिसलं ते एवढंच, की ब्रेट टेबलाशेजारच्या पायरीवर उभा आहे आणि त्याचे दोन्ही हात तिच्या बाबांच्या छातीवर खालीवर होताहेत. मॉनिटरवर त्या दाबांखेरीज काही उमटत नव्हतं. कुणीतरी आकडे मोजत होतं. कुणीतरी इंजेक्शनचं नाव मोठ्याने म्हणत होतं. सुखदाने शेकडो वेळा हे केलं होतं, शिकवलंही होतं, आणि आता तिला त्या काचेवर कपाळ टेकून आईचं नाव घेण्यापलीकडे काही सुचलं नाही.

हृदय परत सुरू झालं. फार वेळ गेला नव्हता. ऑपरेशन थांबवलं, बाबांना आयसीयूत हलवलं. "जागे होतील," आयसीयूचा डॉक्टर तिला म्हणाला, "फार वेळ थांबलं नव्हतं. ब्रेटने ताबडतोब हात लावला."

ब्रेट तिला टी रूममध्ये सापडला. टोपी काढलेली, केस घामाने चिकटलेले. तिला पाहून तो उठून उभा राहिला.

"माझी चूक, सुखदा," तो म्हणाला. "मी जास्त दिलं."

"काय दिलंस?"

"तू देतेस तसंच दिलं सगळं." तो पुन्हा बसला. "तुझे बाबा म्हणून. तुझ्या पेशंटचा मॉनिटर मी किती वेळा पाहिलाय, मेट. नळी घालतेस आणि रेषसुद्धा हलत नाही. म्हटलं, सुखदाच्या बाबांना सुखदाच्या पद्धतीनेच द्यायची. आधी फेंटानिल, मग लिग्नोकेन, मग नाडीसाठी थोडं एस्मोलॉल, तुझ्यासारखंच थांबत थांबत. नळी इतकी सुरेख गेली. मला वाटलं, चला, जमलं. आणि मग नाडी उतरत गेली, उतरतच गेली. मला तुझं प्रमाण जमलं नाही. विभागाच्या येत्या मीटिंगमध्ये मी हे माझी चूक म्हणूनच मांडणार आहे."

सुखदाने तेव्हा काय केलं असेल? बाहेरून पाहणाऱ्याला दिसलं असतं की तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि नो वरीज म्हणाली. तेही खरंच. पण आत काय झालं ते लपवण्यात अर्थ नाही. बाप वाचला हे कळून तासही झाला नव्हता, डोळे अजून ओले होते, आणि मनाच्या एका कोपऱ्यात काहीतरी पटकन म्हणालं, बघा, मी म्हणत नव्हते? जड हात. तिला स्वतःचीच किळस आली. ती सिंकपाशी गेली आणि कप विसळत राहिली, स्वच्छ झाल्यावरही.

दुपारी बाबा जागे झाले. नळी काढली होती, आवाज घोगरा झाला होता. छाती दुखत होती, बरगडीला चीर असावी. त्यांनी सुखदाला ओळखलं, कुठे आहोत ते ओळखलं, ऑपरेशन झालं का म्हणून विचारलं. नाही म्हटल्यावर डोळे मिटून पडून राहिले. सुखदाला वाटलं, झोपले.

ब्रेट आला तो बेडच्या पायथ्याशी उभा राहिला. कालच्यासारखी खुर्ची ओढली नाही त्याने.

"सर," तो म्हणाला, "मी तुम्हाला गरजेपेक्षा जास्त औषध दिलं. त्यामुळे तुमचं हृदय थांबलं. मला माफ करा. तुम्हाला तक्रार करायची असेल तर कशी करायची ते मी स्वतः सांगेन."

बाबांनी डोळे उघडले. त्याच्याकडे पाहिलं. मग मान वळवून सुखदाशी मराठीत बोलले.

"याचा काही दोष नाही गं. मी सकाळी गोळ्या घेतल्या होत्या."

"कसल्या गोळ्या?"

"आमच्याच. प्रेशर उतरवायची क्लोनिडीन. आणि नाडीची एक. नळीच्या आधी मी मिरजेत पेशंटला द्यायचो तशाच. इथे आणलेल्या बॅगेत होत्या, पहाटे घोटभर पाण्याबरोबर घेतल्या."

एकाच नाडीला दोन बाजूंनी दोन लगाम, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. अनेस्थेशियाच्या पहिल्या वर्षाच्या पोराला कळेल अशी गोष्ट. "बाबा! तुम्ही? तुम्ही स्वतः भूलतज्ज्ञ ना? सांगायचं तरी त्याला!"

"काय सांगायचं?" बाबा थांबून थांबून बोलत होते. "तुझा हात जड आहे असं माझी मुलगी म्हणते, म्हणून मी माझी सोय करून आलोय, असं? तुझा सहकारी तो. रात्रभर ते टू टेनचं प्रेशर डोळ्यांपुढे दिसत होतं. म्हटलं, मेंदूत रक्तस्राव होऊन तुझ्या गळ्यात पडून राहण्यापेक्षा... काल हात मिळवला तेव्हाच कळलं मला, जेसीबी तो हाच म्हणून."

ब्रेटने भुवया उंचावल्या. "जेसीबी म्हणाले का ते?" तो जरासा हसला, कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखा. "आमच्या शेतावर आहे एक."

मायलेकीत नाही तर बापलेकीत अशी एक नजर असते, जिला भाषा लागत नाही. बाबांनी तसं सुखदाकडे पाहिलं आणि मग इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द उच्चारत ब्रेटला म्हणाले, "डॉक्टर, चूक माझी आहे. मी सकाळी माझ्या स्वतःच्या दोन गोळ्या घेतल्या, आणि तुम्हाला सांगितल्या नाहीत. म्हाताऱ्या भूलतज्ज्ञाची खोड, दुसरं काही नाही. तुमच्या मीटिंगमध्ये असंच सांगा. तुम्ही दिलेलं औषध बरोबर होतं."

ब्रेटने बेडची दांडी घट्ट धरली. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं, खांदे सैल पडले. सकाळपासून हा माणूस काय ओझं घेऊन फिरत होता ते सुखदाला तेव्हा दिसलं. "थँक यू, सर," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "थँक यू."

म्हणजे झालं. सुखदा सुटली होती. बाबांनी तिला सोडवलं होतं, लहानपणी तिच्या हातून बरणी फुटली की आईला मांजराचं नाव सांगायचे तसं. ब्रेट सुटला होता, बाबा वाचले होते, तिने फक्त गप्प बसायचं होतं. आणि गप्प बसणं तिला कधी जमलं नव्हतं, ते निदान आज तरी जमायला काय हरकत होती?

पण ब्रेट तिच्याकडे वळला. "म्हणजे तुझी पद्धत बरोबरच होती," तो म्हणाला, अगदी मनापासून. "मला वाटलं होतं, मला कधीच जमणार नाही."

ते मात्र तिला सोसलं नाही.

"जेसीबी म्हणजे तू," सुखदा म्हणाली.

"काय?"

"आमच्या घरात तुझं ते नाव आहे. मी ठेवलंय. बाबांनी गोळ्या खोड म्हणून नाही घेतल्या. मी त्यांना सांगितलं होतं, तुझा हात जड आहे. लोकांना जेवायला बोलावून सांगितलं, तुझी नक्कल करून. ते घाबरले, म्हणून घेतल्या."

बाबांनी डोळे मिटून घेतले. शेजारच्या बेडचा पंप टिकटिकत होता. ब्रेट काही रागावल्यासारखा दिसला नाही. तो विचार करत होता, पेशंटची हकिगत जुळवताना करतो तसा.

"टू टेन म्हणाले ते," तो म्हणाला. इंग्रजी आकडा बाबांच्या मराठीतून त्याने बरोबर उचलला होता, कारण आकडे डॉक्टर मंडळी इंग्रजीतच बोलतात. "तो टू टेनवाला पेशंट?"

"हो."

"त्याने गोळ्या घेतल्या नव्हत्या. मी सांगितलं होतं तुला."

"माहीत होतं मला."

"घरी सांगितलंस ते?"

"नाही," सुखदा म्हणाली.

ब्रेटने मान हलवली. मग त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं, पालथे करून, उलटे करून, हे काय आहे असं. आणि ते स्क्रब्सच्या खिशात घातले. खिसे लहान होते, मनगटं बाहेर राहिली.

"सर," तो बाबांना म्हणाला, "गुरुवारी पुन्हा लिस्ट आहे. तुम्हाला दुसरं कुणी हवं असेल तर मी व्यवस्था करतो. मला वाईट वाटणार नाही."

"तुम्हीच," बाबा म्हणाले. "मी काहीही घेणार नाही. शब्द देतो."

ब्रेट गेला. हा माणूस फरशी पुसणाऱ्या बाईलासुद्धा सी या मेट म्हटल्याशिवाय जात नाही. सुखदाला तो काहीच म्हणाला नाही, आणि दार त्याने बाहेरून अगदी हलकेच ओढून घेतलं.

"पाणी दे गं जरा," बाबा म्हणाले.

तिने कप त्यांच्या ओठांना लावला. सगळं हॉस्पिटल ज्या हाताचं नाव घेत होतं त्या हाताने धरलेल्या कपातलं पाणी हनुवटीवरून गळ्यापाशी ओघळलं. ती टॉवेलने पुसत राहिली. तिला वाटत होतं, आता तरी यांनी बोलावं, खडसावून काढावं, लहानपणी कधी मारलं नाही ते आता मारावं. तिला मान वर करायची हिंमत होत नव्हती.

बाबांनी तिचं मनगट धरून टॉवेल थांबवला.

"हसलो मीही होतो," ते म्हणाले, आणि कूस वळता येत नव्हती म्हणून त्यांनी फक्त तोंड भिंतीकडे केलं.